व्यवसायासाठी कॅमेरा कोणत्या कंपनीचा घ्यावा? कॅनन, निकॉन की सोनी?

आपल्या समाजातील बरेच तरुण आज फोटोग्राफीच्या धंद्यात येत आहेत. मालेगाव, भिवंडी, सोलापूर येथील मागावरच्या घरांतील मुलेही लग्नाचे फोटो, दुकानाच्या मालाचे फोटो, व्हिडिओ मिक्सिंग अशी कामे करू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. परंतु चार फोटोग्राफर एकत्र बसले की कामाच्या गोष्टी बाजूला राहतात आणि वाद सुरू होतो तो कंपनीच्या नावावरून. एक म्हणतो, कॅननसारखा चेहऱ्याचा रंग कोणाचा नाही. दुसरा निकॉनची बाजू घेतो. तिसरा म्हणतो, जमाना सोनीचा आहे. या वादात जो नवा मुलगा उभा असतो, त्याच्या हाती आईचे दागिने मोडून आणलेले किंवा आखातात असलेल्या भावाने पाठविलेले पैसे असतात. ते एकदाच खर्च होणार असतात. म्हणून हा विषय भावनेने नव्हे, व्यापाऱ्याच्या हिशेबाने तपासला पाहिजे.

सुरुवातीस एक खुलासा. सजीवांच्या छायाचित्राबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांकडून समजून घ्यावा. या पानावर आपण फक्त व्यापाराची बाजू पाहणार आहोत. कापड, भांडी, फर्निचर, इमारत यांचे फोटो हेही मोठे काम आहे व त्यात हा प्रश्न येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

थोडी माहिती

अंधाऱ्या खोलीच्या छोट्या छिद्रातून प्रकाश आत येऊन बाहेरचे चित्र उलटे कसे उमटते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी केला. त्यांचा 'किताब अल-मनाजिर' हा ग्रंथ प्रकाशशास्त्राचा पाया मानला जातो. आपल्याकडे काही लोक 'कॅमेरा' हा शब्द अरबी असल्याचे सांगतात, ते बरोबर नाही. तो लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे. इब्न अल-हैसम यांचा मोठेपणा शब्दावर अवलंबून नाही.

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतच तयार झाला. परंतु फिल्मचा धंदा बुडेल या भीतीने कंपनीने त्याला हवे तसे पुढे आणले नाही आणि २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तात्पर्य, नाव कितीही मोठे असले तरी बाजार कोणासाठी थांबत नाही. कॅमेरा घेतानाही नावाला भुलू नये.

बॉडी नव्हे, माउंट पाहावा

नवा मुलगा दुकानात जातो आणि विचारतो, 'किती मेगापिक्सेल?' हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. पहिला प्रश्न माउंटचा. कॅमेऱ्याच्या पुढील ज्या कड्यात लेन्स बसते त्याला माउंट म्हणतात. माग एकदा घेतला की त्याच्याच मापाची फणी व धोटा घ्यावा लागतो, तसेच हे आहे. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते. लेन्स दहा-पंधरा वर्षे चालते. म्हणजे कंपनी निवडताना आपण खरे तर लेन्सचे घराणे निवडत असतो.

निकॉनने एफ माउंट १९५९ साली आणला आणि तो साठ वर्षे सांभाळला. कॅननने १९८७ साली जुना माउंट सोडून ईएफ माउंट आणला. जुन्या लेन्सवाल्यांचे त्या वेळी नुकसान झाले, परंतु नव्या माउंटमध्ये फोकसची मोटर प्रत्येक लेन्सच्या आतच होती. सोनीने २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेतला, २०१० मध्ये ई माउंट काढला आणि २०१३ मध्ये त्याच माउंटवर फुल फ्रेमचे मिररलेस कॅमेरे आणले. फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. कॅनन व निकॉन यांना हे पाऊल उचलायला २०१८ साल उजाडले. त्या वर्षी कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड माउंट आला. या पाच वर्षांच्या आघाडीमुळेच सोनीने लग्नाच्या बाजारात जागा मिळवली.

आता तिघांची बाजू ऐकू.

कॅननचा पक्ष

कॅननचा ५डी मार्क २ हा कॅमेरा २००८ साली आला. त्यात फुल फ्रेम सेन्सरवर फुल एचडी व्हिडिओ निघत असे. लग्नाच्या व्हिडिओचा चेहरामोहरा त्याने बदलला. त्या काळापासून ईएफ लेन्स बाजारात भरपूर आहेत व सेकंडहँड सहज मिळतात. अडॅप्टर लावून त्या नव्या आरएफ बॉडीवर चालतात आणि मोटर लेन्समध्येच असल्याने ऑटोफोकसही चालतो. ज्याच्या घरात किंवा उस्तादाच्या कपाटात ईएफ लेन्स आहेत, त्याला ही मोठी सवलत आहे. चेहऱ्याचा रंग कॅमेऱ्यातूनच प्रसन्न निघतो असे बहुतेकांचे मत आहे. परंतु हा आवडीचा भाग आहे आणि जो रॉ फाईल काढून संगणकावर रंग करतो त्याला हा फरक फारसा उरत नाही.

कॅननची उणीव अशी की आरएफ माउंट कंपनीने दीर्घकाळ बाहेरच्या लेन्स कंपन्यांसाठी बंद ठेवला. सिग्मा व टॅमरॉन यांना २०२४ साली वाट मिळाली ती लहान सेन्सरच्या लेन्सने. कंपनीच्या स्वतःच्या चांगल्या लेन्स महाग आहेत.

निकॉनचा पक्ष

निकॉनची पकड हातात नीट बसते आणि बांधणी मजबूत असते. डी ७५० (२०१४) व डी ८५० (२०१७) या कॅमेऱ्यांवर कितीतरी फोटोग्राफरांचे संसार उभे राहिले. अंधारात गेलेला भाग नंतर उजळला तरी फोटो फाटत नाही, हा त्यांचा गुण. झेड माउंट २०२२ पासून टॅमरॉनला व २०२३ पासून सिग्माला परवान्याने खुला झाला, त्यामुळे लेन्सची तंगी कमी झाली आहे. झेड ६ थ्री हा २०२४ चा कॅमेरा फोटो व व्हिडिओ दोन्ही कामांस योग्य आहे.

येथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्यावी. निकॉनच्या जुन्या 'डी' प्रकारच्या स्वस्त लेन्समध्ये मोटर नसते. ती बॉडीत असायची. एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही. म्हणून अशी लेन्स झेड बॉडीवर लावली तर फोकस हाताने करावा लागतो. 'जुन्या सगळ्या लेन्स चालतात' असे विकणारा सांगेल. तो खोटे बोलत नाही, परंतु पूर्ण खरेही सांगत नाही. तसेच २०१८ च्या पहिल्या झेड ६ व झेड ७ मध्ये कार्डाची जागा एकच आहे. कॅननच्या पहिल्या ईओएस आर मध्येही तेच आहे. लग्नाच्या कामाला हे चालत नाही. कारण पुढे येईल.

सोनीचा पक्ष

सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ पासून इतर कंपन्यांना दिली. त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन आणि इतरांच्या लेन्स सर्वांत जास्त याच माउंटवर मिळतात. ज्याचे भांडवल कमी आहे त्याला हा फायदा रोकड्याचा आहे. डोळ्यावर फोकस धरण्याचे काम सोनीने लवकर पक्के केले आणि व्हिडिओतही ती पुढे आहे. वजनही कमी. बॅटरी व कार्डासह ए७ थ्री सुमारे ६५० ग्रॅम भरतो, तर डी ८५० एक किलोच्या घरात जातो. सकाळच्या निकाहपासून रात्रीच्या वलिम्यापर्यंत उभे राहणाऱ्याला हा फरक खांद्यावर कळतो.

उणीव अशी की ए७ थ्रीसारख्या २०१८ च्या बॉडीत मेनू गुंतागुंतीचा आहे आणि छोट्या बॉडीवर मोठी लेन्स लावली की मोठ्या हाताच्या माणसाची बोटे अवघडतात.

या तिघांशिवाय फुजीफिल्म व पॅनासॉनिक आहेत. फुजीचे रंग सुंदर असतात. पॅनासॉनिक व्हिडिओसाठी नावाजलेला आहे, मात्र त्याचा फुल फ्रेमचा ऑटोफोकस २०२३ च्या एस५ टू पासूनच बरोबरीला आला. दोघेही चांगले. परंतु आपल्या गावात त्यांची लेन्स उसनी कोणाकडे मिळेल, हे आधी पाहावे.

लग्नाच्या कामाची कसोटी

दुकानाच्या काउंटरवर सगळेच कॅमेरे चांगले चालतात. कसोटी कामावर लागते. आपल्या लग्नांत तीन अडचणी हमखास येतात.

१) सेहरा. फुलांच्या लडी दुल्ह्याच्या चेहऱ्यासमोर हलत असतात आणि कॅमेरा चेहऱ्याऐवजी फुलांवर फोकस धरतो. घेण्यापूर्वी एखाद्या मित्राच्या तोंडासमोर दोऱ्या किंवा माळा धरून वीस फोटो काढावेत. डोळा किती वेळा सापडला ते मोजावे. ही परीक्षा कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी.

२) दिवे. आपल्याकडील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे साधे ट्यूबलाईट व पुष्कळ एलईडी सेकंदाला १०० वेळा लपलपतात. शटर फार जलद ठेवले किंवा आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले, तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. अशा ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० ठेवावे. अँटी-फ्लिकरची सोय आहे की नाही हेही विचारावे.

३) अमानत. निकाह दुसऱ्यांदा होत नाही. एक कार्ड बिघडले तर कोणतीही भरपाई पुरी पडत नाही. म्हणून दोन कार्डांची सोय असलेलीच बॉडी घ्यावी आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जाईल अशी व्यवस्था करावी. शिवाय पडद्यातील स्त्रियांचे फोटो ही त्या घराची अमानत आहे. परवानगीशिवाय ते अल्बमच्या नमुन्यात किंवा इंस्टाग्रामवर टाकणे हे विश्वास तोडणे होय. ज्या फोटोग्राफरची या बाबतीत साख आहे त्याला एका घरातून दहा घरांची कामे मिळतात. याच कारणाने स्त्रियांच्या बाजूला स्त्री फोटोग्राफरची मागणी आहे. घरातील मुली हे काम शिकत असतील तर वजनाला हलकी बॉडी घेणे हा त्यांच्यासाठी चैनीचा नव्हे, गरजेचा विचार आहे.

कापडाच्या फोटोची कसोटी

हा माझ्या पेशाचा भाग असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. आज दूरचा व्यापारी थान पाहायला येत नाही. तो मोबाईलवर फोटो पाहून ऑर्डर देतो. रंग जुळला नाही की माल परत येतो आणि जाण्या-येण्याचे भाडे विकणाऱ्याच्या अंगावर पडते. या चुका बहुधा कॅमेऱ्याच्या कंपनीमुळे होत नाहीत. त्यांची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले, जाळी. बारीक विणीचे कापड आणि सेन्सरवरील बारीक ठिपके यांची जुळणी बिघडली की कापडात नसलेले लाटांसारखे, कधी इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. त्याला मॉयरे म्हणतात. कॅमेरा थोडा पुढे-मागे केला किंवा कापडाचा कोन बदलला की ते बहुधा जातात.

दुसरे, काळा रंग. काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. सेन्सरने तो पकडला तर काळा रंग जांभळट येतो. लायका एम८ या २००६ सालच्या महागड्या कॅमेऱ्यात हा दोष इतका होता की कंपनीला ग्राहकांना फिल्टर फुकट द्यावे लागले. लायकाची ही गत, तर इतरांची काय बात! बुरख्याच्या कापडाचा धंदा करणाऱ्यांनी बॉडी घेण्यापूर्वी आपल्या मालाचे चार तुकडे घेऊन दुकानात जावे.

तिसरे, पांढरा रंग. पांढऱ्या कापडाला चमक देणारे रसायन लावलेले असते. फ्लॅशमध्ये ते निळसर दिसते.

चौथे, दोन प्रकारचे दिवे. खिडकीचे ऊन सुमारे ५५०० केल्विनचे आणि जुना पिवळा दिवा सुमारे २८०० चा. दोन्ही एकत्र पडले तर एकाच थानाच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. एकाच प्रकारचा दिवा ठेवावा, पहिल्या फोटोत राखाडी कार्ड धरावे आणि त्यावरून रंग जुळवावा. हे कार्ड बॉडीच्या मानाने कवडीमोल आहे, परंतु परत येणारा माल तेच थांबविते.

या कामाला वेगवान ऑटोफोकस लागत नाही, कारण थान पळून जात नाही. कॅनन किंवा निकॉनची सेकंडहँड डीएसएलआर, एक ५० किंवा १०० मिलिमीटरची लेन्स आणि भक्कम स्टँड एवढ्यावर उत्तम काम होते. पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या फोटोचेही तसेच. येथे नवी महाग बॉडी घेणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे.

हिशेब

समजा एका तरुणाकडे तीन लाख रुपये आहेत. त्याने ते असे वाटावेत: बॉडी १,३०,०००, दोन लेन्स ८०,०००, दोन फ्लॅश व ट्रिगर २५,०००, कार्डे व बॅटऱ्या २०,०००, दोन हार्ड डिस्क व बॅग १५,०००, हाती शिल्लक ३०,०००. बॉडीवर निम्म्याहून जास्त रक्कम घालू नये.

आता ही बॉडी चार वर्षांनी ४०,००० ला गेली असे धरू. घसारा ९०,०००. वर्षाला ४५ कार्यक्रम मिळाले तर चार वर्षांत १८० होतात आणि दर कार्यक्रमावर ५०० रुपये पडतात. वर्षाला १५ च मिळाले तर तोच आकडा १,५०० होतो. उलट ८०,००० ची बॉडी घेतली व ती २०,००० ला विकली, तर १८० कार्यक्रमांवर सुमारे ३३३ रुपये पडतात. म्हणजे दोन बॉड्यांतील फरक कार्यक्रमामागे १६७ रुपयांचा आणि काम मिळण्या-न मिळण्याचा फरक १,००० रुपयांचा. तरुणांनी वाद घालायचाच तर या दुसऱ्या आकड्यावर घालावा.

शटरचेही आयुष्य असते. डी ८५० व ए७ थ्री यांचे शटर दोन लाख वेळा तपासलेले आहे. लग्नात एका दिवशी अडीच हजार क्लिक झाले तर ८० दिवसांत तो आकडा गाठला जातो. सेकंडहँड घेताना म्हणून शटरचा आकडा पाहावा. लेन्स उजेडासमोर धरून बुरशी तपासावी. मुंबई व कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व लेखी पावती घ्यावी, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडतो.

नव्या मालावर पक्के बिल घ्यावे आणि त्यावरील क्रमांक बॉडीवरील क्रमांकाशी जुळवावा. बिनबिलाचा परदेशी माल स्वस्त दिसतो, परंतु येथील वॉरंटी मिळत नाही. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी २०१९ च्या जानेवारीत २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नोंदणीकृत व्यावसायिकाला या कराची वजावट मिळू शकते. बिल नसेल तर तीही गेली.

पैसा कोठून आणावा?

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते किंमत किंवा शुल्कात लपलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्टपणे सांगितले आहे. सूद टाळायचा तर दोन मार्ग आहेत. नात्यात किंवा जमातीत कर्ज-ए-हसना मिळत असेल तर घ्यावे आणि सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतील आदेशाप्रमाणे लिहून, साक्षीदार ठेवून घ्यावे. अथवा शिरकत करावी. दोघांचे भांडवल, नफा ठरल्याप्रमाणे आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात. कॅमेरा कोणाच्या ताब्यात राहील व मोडला तर काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावे.

परतफेडीची तारीख ठरविताना आपल्या महिन्यांचा विचार करावा. आपल्याकडे रमजानमध्ये व मुहर्रममध्ये लग्ने फारशी होत नाहीत. शाबान व शव्वालमध्ये गर्दी असते. हे महिने इंग्रजी वर्षात दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतात, म्हणून मागील वर्षीचा हिशेब जसाच्या तसा धरू नये.

मग कोणता घ्यावा?

माझे मत असे. ज्या उस्तादाबरोबर किंवा टीमबरोबर काम करायचे आहे, त्यांची जी कंपनी तीच घ्यावी. अडचणीला लेन्स, बॅटरी, चार्जर मिळतो आणि दोन कॅमेऱ्यांचे रंगही जुळतात. घरात ईएफ लेन्स असतील तर कॅनन. निकॉनच्या मोटर असलेल्या लेन्स असतील तर झेड. काहीच नसेल आणि लग्नाचे फोटो व व्हिडिओ दोन्ही करायचे असतील तर सोनी, कारण कमी भांडवलात लेन्स तेथे जास्त मिळतात. कापड व दुकानाच्या कामाला सेकंडहँड डीएसएलआर पुरे. आणि घेण्यापूर्वी तिन्ही कॅमेरे एकेका कार्यक्रमासाठी भाड्याने वापरावेत. तीन दिवसांचे भाडे हे शिक्षणाचे शुल्क समजावे. आपल्या जिल्ह्यात दुरुस्ती कोठे होते तेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

ग्राहक अल्बम उघडतो तेव्हा त्यावर कॅमेऱ्याचे नाव नसते, फोटोग्राफरचे असते. वेळेवर पोहोचणे, ठरल्या दिवशी अल्बम देणे, अमानत सांभाळणे यांतूनच ते नाव मोठे होते. अल्लाह तआला आपल्या तरुणांना हलाल रोजी देवो आणि त्यांच्या हुनरात बरकत देवो. आमीन.